शाहूवाडीच्या घरातला गारठा

१३ डिसेंबर
"लेकीच्या घरी चहा घ्यावा, मुक्काम करायचा न्हाय." माझ्या केसांत अक्षता होत्या अजून, तेव्हा आई हे म्हणाली होती. बावीस वर्षं झाली. कोल्हापुरात आमच्याकडे एक रात्र राहिलेली नाही! आता डॉक्टर तिला म्हणतात, कबनूर सोडा, घराशेजारच्या यंत्रमागांची रुई छातीत बसलीय. शाहूवाडीतलं आमचं सुट्टीचं घर डोंगरात, हवा स्वच्छ. विचारलं तिला. "तिथं लई गारठा. माझ्या हाडांना सोसायचा न्हाय."
म्हणजे नकार नाही — गारठा! त्याचं काहीतरी करता येईल.

१५ डिसेंबर
शाहूवाडीला आलो. विजेचा हीटर लावला. लाइट गेली. आली तेव्हा व्होल्टेज इतकं कमी, की तार धड लालही होईना. आकाराम, आमचं घर राखतो तो, दारात उभा राहून हसतोय. "वैनी, ह्येला थंडी म्हणायचं व्हय? शेगडी पेटवा की."
बंद खोलीत कोळसा? आणि आईच्या छातीला धूर? छे!

१९ डिसेंबर
उन्मेषने — नवरा माझा, इंजिनिअर! — न्हाणीतला तांब्याचा बंब उचलून खोलीत आणला. नळकांडं खिडकीतून बाहेर. "स्वस्तात काम झालं बघ." वारा फिरला, सगळा धूर आत. पडदे काळे. डोळे चोळत, खोकत विचारतो, "पण ऊब आली ना?"
तापलेल्या पाण्याने अंघोळ तेवढी केली.

२० डिसेंबर
उन्मेषशी अजून बोललेले नाही.

२४ डिसेंबर
आकारामच्या सांगण्यावरून पत्र्याखाली भाताचा पेंढा भरला होता. खोली जरा बरी झाली. आज बघते तर पेंढ्यात उंदरांचा संसार!
उन्मेष : "त्यांनी तरी मुक्काम केला."
हसू आलं. त्याचाच जास्त राग आला.

३० डिसेंबर
पेंढा काढला. एकच लहान खोली घेतली. पत्र्याखाली थर्माकोल, खिडकीच्या फटींना रबरी पट्ट्या, फरशीवर घोंगडी, पांघरुणात गरम पाण्याची पिशवी. झालं! पहाटे स्वेटर काढून ठेवावा लागला. एवढं साधं आधी का नाही सुचलं आम्हाला?

३१ डिसेंबर
आईला फोन. "खोली उबदार झालीय गं. ये आता."
"एवढी बंद खोली? मला घुसमटतंय तसल्यात."
फोन आपटणारच होते. पण तिकडे माग खडखडत होते, आणि त्यातून तिचा खोकला. थांबेचना.
"आई, गारठा नव्हताच ना?"
"मधू… लेकीचं घर त्ये लेकीचं घर. आता रडू नगंस."
रडत नव्हते. चिडले होते. पंधरा दिवस मी थंडीशी भांडत होते!

२ जानेवारी
उन्मेषला सांगितलं. लगेच हो म्हणाला, काही न बिघडवता. उद्या कबनूरला जाणार. "याड लागलंय व्हय तुला?" म्हणेल, दुसरं काय म्हणणार. तरी विचारणार —
आई, शाहूवाडीचं घर तुझ्या नावावर करून घेशील? मी येईन तुझ्याकडे, माहेरपणाला.