मतदारयादीतलं माझं अक्षर

जिल्ह्याच्या पासपोर्ट कचेरीतल्या पेनाला बांधलेली दोरी जेमतेम वीतभर आहे. तीन दिवस कमरेत वाकून अर्ज भरल्याने माझी पाठ कामातून गेली, ही तक्रार वारसांनी सर्वांत आधी नोंदवून घ्यावी. बुद्धी मात्र शाबूत आहे. म्हणून मी, ओयदिन सोबिरोवा, वय एक्कावन्न, कारा-बुलाक शाळेची नागरिकशास्त्राची शिक्षिका, कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवते. येत्या सोमवारी ओशच्या मोठ्या दवाखान्यात माझी शस्त्रक्रिया आहे; त्यांनी चालू पासपोर्ट मागितला आहे.

नोटरीने हा कागद नोंदवायला नकार दिला. माझा लाल पासपोर्ट ज्या देशाचा, तो देश अठरा वर्षांपूर्वीच तुकडे होऊन वारला. लग्न होऊन अंदिजानहून, आता परदेश झालेल्या माहेराहून, इकडे आले तेव्हा मध्ये सीमा नव्हती, बस होती.

१. नवऱ्यामागे माझ्या नावावर आलेलं घर आणि जर्दाळूची सहा झाडं मुलगी आयनुरा हिला. या कागदाची नोंद नाही म्हणून दीर भांडतील. तिनेही भांडावं. मी शिकवलंय.

२. पृथ्वीचा गोल, जुन्या सीमांसकट, हेडमास्तर तोकोयेव यांना. मी इथली नागरिकच नाही, ही बातमी ऐकून ते हसले. "म्हणजे बाई, अठ्ठावीस वर्षं आमची पोरं परक्या बाईकडून देशप्रेम शिकली? आणि मतदारयादी कोण लिहायचं हो?"

मीच. घरोघर फिरून नावं उतरवायचं काम आम्हा शिक्षकांचंच. माझ्या दाराशी आले की माझंही नाव मीच उतरवायचे. कोणी विचारलं नाही. मीही नाही. नागरिक म्हणून माझं नाव होतं ते एवढ्याच कागदावर, तेही माझ्याच अक्षरात. हे कळल्यापासून फळ्यावर तारीख लिहितानासुद्धा माझा हात थांबतो.

३. मीरगुलबद्दल. नववीत मी विचारलं होतं, 'नागरिक कोण?' सगळ्यांनी पुस्तकातलं उतरवलं. हिने लिहिलं, 'ज्याच्याकडे कागद आहे तो. माझ्या काकूकडे नाही, म्हणून तिला दवाखान्यातून परत पाठवलं.' मी वर्गात ओरडले, "नागरिकत्व मनात असतं, गाढवे!" आणि पाचांपैकी दोन दिले. काकूचं पुढे काय झालं, विचारलं नाही.

परवा कचेरीच्या खिडकीमागे तीच होती.

"बाई, बसा. पाणी देऊ?"

"पाणी नको. पासपोर्ट दे."

"मनातल्यावर शिक्का मारता येत नाही हो, बाई," ती म्हणाली. टोमणा नव्हता. तिचेच डोळे भरले होते.

साक्षीदार, दोघेही नागरिक, कागद तपासून घेतले:
मीरगुल असानोवा (सही)
शेजारी तुर्दुबेक (सही)

ओयदिन सोबिरोवा (सही)
कारा-बुलाक, १२ सप्टेंबर २००९

सोबत: १९९४ची गुणपुस्तिका. मीरगुल, प्रश्न पहिला. दोन खोडून पाच केले आहेत. खाडाखोड माझीच. ओ. सो.