चारला मावळणारा दिवस

बोरमाळ फाटा,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय पारस,

अनेक आशीर्वाद. तू, भाग्यश्री आणि मुलं खुशाल असाल. इकडे सगळं ठीक. अण्णांची तब्येत चांगली आहे, जेवण वेळेवर आहे, आणि आवाज तर फोनशिवाय बंगळूरला ऐकू यावा असा.

पत्र बघून हसशील. पण फोनवर मी चार वाक्यं बोलले की तू म्हणतोस, "आक्का, मुद्द्याचं बोल." म्हणून कागद घेतला. कागदाला मधेच तोडता येत नाही.

तू सांगितलेलं काम मला पाठ आहे. महिनाअखेरीला तू गाडी घेऊन येणार, अण्णांना बंगळूरला नेणार, आपल्या हॉटेलची जागा त्या गोडाऊनवाल्याला देऊन टाकणार. तोवर मी फाट्यावर राहून अण्णांचं मन वळवायचं आणि इथं आता उरलंय तरी काय ते तुला कळवायचं. तर आधी तेच कळवते.

नवा हायवे सुरू झाल्यापासून आपला जुना रस्ता अगदी निजला आहे. हातकणंगल्याहून एसटीनं आले, तर फाट्यावर उतरणारी मी एकटी. मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर एक कुत्रं पाय ताणून झोपलं होतं. कंडक्टर म्हणाला, "पावणं, कुत्र्याला हळूच ओलांडा, त्यो इथला मालक हाय." रसवंतीची चाकं गंजली आहेत. लॉजच्या गच्चीवर कुणीतरी शेंगा वाळत घातल्या होत्या. पंक्चरवाला आकाराम अजून आहे, पण ट्रकचे टायर गेले, आता तो औषध फवारायचे पंप दुरुस्त करतो. मला बघून ओरडला, "त्रिशलाक्का, तुझ्या भावाला सांग, नव्या हायवेवर पंक्चर झाली तर मला बोलवू नगंस म्हणावं. मी रुसलोय!"

दुकानं मोजत बसले नाही. ज्यांची उघडी आहेत ती माणसं मात्र भेटली. कुणीच रडगाणं गायलं नाही, हे तुला मुद्दाम सांगते.

आणि समोर गौसचाचांचं हॉटेल आहे. तेही उघडं आहे.

तुझ्या मुलांना ही गोष्ट कधी सांगितली आहेस का? सांगितली नसशील, कारण आपल्याला ती गोष्टच वाटत नव्हती. अण्णांचं हॉटेल सूर्य मावळायच्या आत बंद. मावळल्यावर आपण खात नाही, तर दुसऱ्यालाही वाढायचं नाही, हा त्यांचा नेम. आणि गौसचाचांचं हॉटेल मावळल्यावर सुरू, कारण रात्रीच्या ट्रकवाल्यांना मटण लागायचं. एक उघडं तेव्हा दुसरं बंद. मग दोघांत बाकडी तरी वेगळी कशाला, म्हणून दोघांनी मिळून सहाच केली. रोज संध्याकाळी ती रस्ता ओलांडून तिकडे जायची, सकाळी इकडे यायची. एका टोकाला अण्णा, दुसऱ्या टोकाला चाचा, आणि ट्रक थांबवायला अण्णांच्या खांद्यावरचा लाल पंचा. बिबीजानचाची पहाटे गरम पाण्यानं बाकडी घासून पाठवायच्या. अण्णांनी ती पुन्हा कधी धुतली नाहीत. अव्वा एकदा धुवायला निघाली, तर तिला, स्वतःच्या बायकोला, म्हणाले होते, "तिनं धुतल्यात. तू काय तपासणीस हाईस?"

तर मी आले त्या दिवशीचं सांगते. जेवणाची गिऱ्हाइकं उठून गेली होती. अण्णा भांडी आवरून दारात आले आणि हात पुढं धरून तळव्याकडं बघत उभे राहिले. ते नेहमीचंच. तळव्यावरच्या रेषा दिसेनाशा झाल्या की दिवस मावळला, हे त्यांचं घड्याळ. थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, "मावळला. चल, बाकडी दिऊया."

पारस, चार वाजले होते. समोर उसावर लख्ख ऊन होतं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात रस्त्यापलीकडून गौसचाचांनी मला हातानं गप्प केलं. त्यांनी दारावरचा बल्ब लावला. उन्हात जळणारा बल्ब. मग रस्ता ओलांडून आले आणि बाकड्याचं टोक धरत म्हणाले, "व्हय अण्णासो, थंडीत लई लवकर मावळाय लागलाय." पंपाच्या दुकानातून आकाराम ओरडला, "अंधार पडलाय अण्णासो, जपून!" आणि डोळ्यांवर ऊन येतं म्हणून त्यानं टोपी खाली ओढली.

मी चाचींकडे गेले. म्हटलं, हे काय चाललंय? त्या कांदा चिरत होत्या. "पावसाळ्यापासनं हाय," म्हणाल्या. "आदी ढगामुळं वाटलं. मग ढग गेलं, तरी तुझा बाप चारलाच हात बघाय लागला. कोण सांगणार त्यास्नी? तू सांग. आम्ही न्हाय सांगत."

म्हणजे वर लिहिलेलं 'तब्येत चांगली आहे' हे डोळे सोडून वाचायचं. पहिल्या दोन ओळींत हे लिहायला हवं होतं, पण तू ते वाचून लगेच गाडी काढली असतीस.

मी त्यांना कोल्हापूरला नेऊन डॉक्टरांना दाखवलं आहे. काचबिंदू आहे. गेलंय ते परत येणार नाही. बाजूचं बरंचसं गेलंय आणि कमी उजेडात काही कळत नाही. समोरचं, चांगल्या उजेडातलं, अजून दिसतं आणि रोज थेंब घातले तर ते टिकवता येईल. डॉक्टर म्हणाले, पावसाळ्यातच आला असतात तर जास्त हाताशी राहिलं असतं. हे मी गौसचाचांना सांगितलं. सांगू नये असं वाटत होतं, पण सांगितलं.  ते म्हणाले, "आम्ही त्येला जपलं की बुडवलं गं पोरी?"  

कोल्हापूरहून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आणि मी तांदूळ निवडत बसलो होतो. म्हणजे निवडत मी होते, ते ताटात बोटं फिरवून खडे शोधत होते. माझ्याहून जास्त सापडले त्यांना. मनाचा हिय्या करून म्हटलं, "अण्णा, दिवस चारला मावळत नाही."

"ठावं हाय."

मी निवडणं थांबवलं.

"बाकडं घिऊन तिकडं निघालो की पाठ भाजतीया माझी," म्हणाले. "डोळं गेलं, पाठ काय मेली न्हाय."

"मग बंद का करता?"

"आपलं दार उगवतीला. दुपार कलली की आत सावली. आमटीत किडा पडला तर मला दिसायचा न्हाय. कुणाच्या ताटात जीव गेला तर? हातावरची रेघ दिसंना, म्हंजे माझा दिवस मावळला. दुसऱ्याचा कवाबी मावळू दे."

"मग चाचांना तरी खरं सांगा की. ते बिचारे उन्हात बल्ब जाळतात."

अण्णा हसले. तू लहानपणी खोटं बोलताना पकडला जायचास तेव्हा हसायचे, तसे. "नगं. रात्रीच्या गाड्या नव्या रस्त्यानं गेल्या. गौसच्या चुलीला काम ऱ्हायलं न्हवतं. आता चारपासनं ऊसतोडीची माणसं येत्यात, सूतगिरणी सुटली की बायका चहा-भजीला येत्यात. अजून दिवस हाय आसं म्हणलं, तर त्यो बाकडं न्यायचा न्हाय. लई भिडस्त हाय. त्येला वाटतंय त्यो मला संबाळतोय. वाटू दे की."

मी म्हटलं, "मी आहे आता. किडा मी बघते. सहापर्यंत चालवू."

"चारला बंद," म्हणाले, आणि ताटातला शेवटचा खडा काढून माझ्या हातावर ठेवला.

पारस, तुझी काळजी खोटी नाही. रात्री ते उंबऱ्याला अडखळले तर, गॅस उघडा राहिला तर, हे सगळं मीही मनात घोळवलं आहे. पण तू त्यांना जिथं नेणार आहेस तिथं चौदाव्या मजल्यावर लिफ्टची बटणं त्यांना दिसणार नाहीत. इथं त्यांना रस्ता दिसावा लागत नाही. परवा दुपारी मी मागं राहून बघितलं. पलीकडे जाताना कुत्रं झोपलं होतं तिथं ते बरोबर एक पाऊल बाजूनं गेले. "दिसलं का?" विचारलं, तर म्हणाले, "घोरतंय की."

म्हणून मी ठरवलं आहे. तुला विचारत नाही, सांगते आहे. मी इथं राहणार. शनिवारी रात्री कोल्हापूरला शिवाजी पेठेतल्या घरी जाईन, सोमवारी सकाळच्या पहिल्या एसटीनं परत येईन. त्या दोन रात्री अण्णांपाशी गौसचाचा झोपायला येतील, तेच म्हणाले. या आठवड्यात काही मी घरी गेले नाही, म्हणून तर आज हे लिहायला बसले. लायब्ररीची नोकरी या महिन्यात सोडते आहे. तुझे दाजी वृषभ म्हणाले, "भाकरी मला येते, फक्त गोल येत नाही." आमची रुचिता वसतिगृहात आहे, तिला गोलही लागत नाही. चूल मी सांभाळते, गॅसची चावी माझ्याकडे आहे, उंबऱ्यावर आकारामनं पांढरा रंग दिला आहे. भाकरी, आमटी आणि वांग्याची भाजी करते. गेल्या गुरुवारी गिरणी लवकर सुटली तेव्हा सूतगिरणीच्या बायका चार वाजायच्या आत येऊन जेवल्या. एकीनं सांगितलं, "हात अव्वासारखाच हाय तुझा." हे लिहिताना मला लाज वाटत नाही, तेव्हा तूही हसू नकोस.

थेंब घालायचं काम मात्र माझ्याकडे नाही. ते गौसचाचांनी मागून घेतलं. रोज दोन्ही वेळा हात धुऊन, बिस्मिल्ला म्हणून घालतात. पहिल्या संध्याकाळी अण्णांनी नवीन शंका काढली. दिवस मावळल्यावर पाणीसुद्धा घेत नाही, मग हे औषध चालतं का? गौसचाचा बाटली हातात धरून म्हणाले, "डोळं काय जेवत्यात व्हय?" अण्णांनी विचार केला आणि मान मागं टाकली.

अण्णांना जे ठाऊक आहे ते मी चाचांना सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तुला सांगितलं, कारण त्या गोडाऊनवाल्याला काय उत्तर द्यायचं ते तुला कळायला हवं.

महिनाअखेरीला ये, नक्की ये, मुलांना घेऊन ये. गाडी रिकामी परत न्यावी लागेल, तेवढी तयारी ठेव. बाकड्याच्या एका टोकाला माझा हात असतो, दुसऱ्या टोकाला तुझा लागू दे. आपल्या दोघांना अण्णांनी लहानपणी रस्त्यावर पाय ठेवू दिला नाही. आता काही भीती नाही.

फक्त दुपारी वेळेत पोच. चारनंतर आमच्याकडे दिवस मावळतो, आणि मग कितीही ऊन असलं तरी तुला जेवायला समोरच जावं लागेल.

वाट बघते,
तुझी, आता इथलीच,
आक्का