तिसरं कडवं कुणाचं

१ फेब्रुवारी, रविवार
चर्च सुटल्यावर परस्पर बेलापूरच्या बाजारात, नजमाच्या दुकानात. ब्लाऊज न्यायचा होता. तयार नव्हताच. पण भाऊसाहेब ट्रॅक्टर रस्त्याकडेला लावून तिथं आधीच बसलेले, मग काय, दुपार गेली.
विषय: बंटी सोनगावकरचं नवं गाणं. नवं कसलं, आपलं जुनंच 'पाटात पडली बांगडी', खाली धडाम धडाम लावून. भाऊसाहेबांच्या ट्रॅक्टरवर सध्या दुसरं काही वाजतच नाही. उसाची ट्रॉली गावातून गेली की आमच्या दवाखान्यातले पेशंट उठून बसतात.
नजमा शिलाई मशीन थांबवून म्हणाली, "गाण्याची चटणी केली त्यानं."
भाऊसाहेब : "चटणीच लागती आता. नुसती भाकर कोन खातंय?"
मी नजमाच्या बाजूनं. बंटीनं तिसरं कडवं कापलंय. सगळ्यात गोड तेच. लहानपणी मम्मी भांडी घासताना तेच म्हणायची.
भाऊसाहेब म्हणाले, तिसरं कडवं नव्हतंच. मी म्हटलं, आहे. "सिस्टर, पैज." पैज. त्यांच्या घरी माळ्यावर मूळ कॅसेट आहे म्हणतात.

३ फेब्रु.
भाऊसाहेब हे नाव रोज लिहायला फार लांब आहे. आजपासून भासा.
भासांनी कॅसेट आणली. कव्हरचा रंग उडालाय, पण अक्षरं दिसतात : 'कमल देवळालीकर आणि पार्टी'. टेप कुणाकडेच नाही. पप्पांचा जुना नजमाच्या दुकानात आणायचं ठरलं. पप्पा पहिल्यांदा नाही म्हणाले, मग म्हणाले, मी पण येतो. आले नाहीत, गुडघा.

४ फेब्रु.
ऐकलं. तिसरं कडवं आहे. भासा म्हणाले, "आसंल. लई जुनी गोष्ट हाय."
पण खरी गंमत पुढं. तिसरं कडवं लागलं आणि माझ्या अंगावर काटा. आवाज वेगळा. पहिल्या दोन कडव्यांतली बाई शब्द संपला की श्वास घेते. तिसऱ्यातली शब्दाच्या मध्येच घेते, 'मन'वर थांबते आणि मग 'गट'. 'मनगट दिसतं उघडं.' आणि तो थांबाच काळजाला लागतो.
मी म्हटलं, या दोन बायका आहेत.
दोघंही हसले. नजमासुद्धा. "एस्तर, तुझे चर्चचे कान. एकच बाई आहे, दमली असेल शेवटी."
परत लावलं. परत. शेजारचा रसवंतीवाला गिऱ्हाईक सोडून दारात येऊन उभा. त्याचं मत : एकच. समोरच्या मेडिकलवाल्याचं मत : दोन. बाजार उठेपर्यंत हेच.
घरी आल्यावर सुहासला मोबाईलवर भरून घेतलेलं ऐकवलं. नवरा म्हणून तरी बाजू घ्यावी. म्हणाला, "मला दोन्हीत टेपची घरघर ऐकू येते."

६ फेब्रु.
नजमाचा फोन, मी ड्यूटीवर. "अगं, दोन आहेत. मी बाही लावत ऐकत होते, एकदम कळलं. पहिली समोर बघून गाते, दुसरी खाली बघून."
आवाजावरून मान कशी कळते, विचारलं. म्हणाली, मापं घेताना बाया बोलतात, त्यावरून कळतं.
आता दोघी विरुद्ध भासा. भासांना पटत नाही. "कमलबाई आमच्या गावच्या जत्रेला आलत्या. मी सोता बघितलंय. तसला आवाज दुसऱ्या बाईचा हुनारच न्हाई." त्यांच्या दृष्टीनं हा कमलबाईंचा अपमान. जरा चिडलेच. ट्रॅक्टर चालू केला आणि मुद्दाम बंटी लावला.

८ फेब्रु., रविवार
कमलबाई जिवंत आहेत. देवळाली प्रवराला भाचीकडे राहतात. भासांनीच शोधून काढलं, आमची तोंडं बंद करायला. तिघं त्यांच्या जीपनं गेलो.
मी जाताना साडी दोनदा बदलली, कुणाला सांगितलं नाही.
सत्तरीच्या असतील. ठसठशीत कुंकू, पांढरेशुभ्र केस, पाठ ताठ. ओसरीवर खुर्ची. भासा पायाच पडले. बाईंना बरं वाटलं. चहा आला. त्या जत्रेतला पिवळा मंडप बाईंना आठवत होता, भासांना आठवत होता, दोघांचं अर्धा तास तेच. भासांचा चेहरा शाळेतल्या पोरासारखा झालेला.
मग मी विचारलं. शक्य तितक्या हळू. तिसरं कडवं.
बाई माझ्याकडं बघत राहिल्या. "कॅसेटवर कुनाचं नाव हाय?"
"तुमचं."
"मंग?"
संपलं. भासांनी माझ्याकडं असं पाहिलं की झालं समाधान?
निघताना मात्र. चपला घालत होतो. मागून बाई म्हणाल्या, "पाथर्डीकडची सीता जित्ती हाय का, बघा कधी जमलं तर."
कोण सीता, विचारलं. आत गेल्या.
जीप परत निघाली. मग राहुरी फॅक्टरीपाशी भासा स्वतःशीच, "च्यायला. दोन हायत."
नजमा आणि मी इतक्या हसलो की मागच्या सीटवरची पाण्याची बाटली सांडली.

११ फेब्रु.
पाथर्डी केवढी. सीता किती. कुठं शोधायची? नजमाच्या मावसभावाला विचारलं, काही नाही.
भासांच्या उसाला तोड चालू आहे, आणि टोळी पाथर्डीकडचीच. ही गोष्ट आमच्या तिघांच्याही ध्यानात आली नाही इतके दिवस. आज भासांनी फडात जाऊन विचारलं, गाणारी सीताबाई माहीत आहे का. एक तोडणारी बाई म्हणाली, आमच्या भावकीत आहे, लग्नात हळदीला गाते, ऐकत राहावं असं. तिचा पोरगा अंकुश यंदा दुसऱ्या कारखान्याच्या टोळीत गेलाय. ती गावाकडं नातवंडं सांभाळते.
भासांनी फडातूनच फोन केला. नुसतं "सिस्टर, गावली" म्हणाले. मी ड्रेसिंग करत होते, पट्टी अर्धीच गुंडाळून थांबले. पेशंट म्हणाला, काय झालं सिस्टर. काय सांगू.

१५ फेब्रु., रविवार
पहाटेच निघालो, शेवगावमार्गे. आज चर्च चुकलं. प्रभू समजून घेईल, गाण्याचंच काम आहे.
वस्ती डांबरी सोडून बरीच आत. अर्धी घरं ऊसतोडीला गेलेली, दारांना कुलपं. अंगणात एक बाई शेळीला पाला टाकत होती, भोवती तीन लहान पोरं. बारीक, काळीसावळी, हातात काहीतरी काम असल्याशिवाय उभीच राहात नाही अशी.
भासा म्हणाले, बेलापूरहून आलोय. तिनं विचारलं, "पोराला काय झालं का?" अनोळखी जीप बघून बिचारी घाबरली. मला फार वाईट वाटलं. मी पुढं होऊन म्हटलं, नाही मावशी, गाण्यासाठी आलोय. तेव्हा कुठं श्वास सोडला.
मोबाईलवर लावलं. कॅसेटवरून भरून घेतलेलं.
पहिलं कडवं. ती शेळीच्या पाठीवरून हात फिरवत उभी. दुसरं. तिसरं सुरू झालं आणि खाली बसली, तिथंच, मातीत. मान खाली. नजमानं माझा दंड इतका दाबला की वळ उठला.
गाणं संपल्यावर म्हणाली, "कमलअक्का हाय का?"
आहे म्हटलं. तुमची आठवण काढतात.
"मला वाटलं, इसरली."
मग थोडं थोडं. लग्नाआधी दोन हंगाम कमलबाईंच्या पार्टीत मागं कोरसला होती. नगरला एका खोलीत रेकॉर्डिंग झालं, खिडक्यांना गोधड्या लावल्या होत्या. नंतर लग्न. नवऱ्याला सांगितलं नाही कुणी. तिनंही नाही. "ते व्हते तवर गायलेच न्हाई. ते गेल्यावर हळदीला गाते, बाया म्हनतेत म्हनून." पोराला? "त्याला कशाला ठाव."
तिसरं कडवं तुमचं ना, मी विचारलं.
"छ्या. तिसरं अक्काचं. माझं दुसरं."
मी ठाम होते तिसऱ्यावर. श्वास ऐकलाय मी. ती म्हणते दुसरं.
परतीच्या वाटेवर जे काय वाजलं जीपमध्ये. नजमा : लाजतेय ती, तिसरंच तिचं. भासा : जिचं गाणं तिला कळत न्हाई व्हय, दुसरंच. मी : श्वास. भासा : "तुमचा श्वास ठेवा दवाखान्यात."
जेवण राहिलं. कुणाला भूकच नव्हती.

१८ फेब्रु.
कमलबाईंना फोन. सीता सापडली म्हटलं. त्या लगेच, "घेऊन या तिला."
कधी?
"आज न्हाई जमायचं का?"

२० फेब्रु.
सीतामावशीचं रविवारी यायचं ठरलंय. नातवंडं शेजारणीकडं. अंकुशला विचारलं का, म्हटलं. "मैतरनीकडं जाते म्हनून सांगितलं. खोटं न्हाई ना ते."
रसवंतीवाला, मेडिकलवाला, सगळे विचारतात निकाल काय. रसवंतीवाला म्हणतो, त्या दोघींना बेलापुरात आणा, दोन माईक लावू, मी मांडव घालतो. बोलता बोलता सगळा बाजार मांडवापर्यंत पोचला. नजमानं दोघींसाठी एकाच कापडाचे ब्लाऊज बेतायला घेतले. माप कुठलं? "ऐकलंय ना मी." माझा अजून तयार नाही.
बंटी सोनगावकरला पण सांगावं का, हा नवीन वाद. भासा म्हणतात, सांगायचं, त्याच्यामुळंच हे निघालं. बंटीनं गाण्याखाली 'पारंपरिक' लिहिलंय. म्हणजे कुणाचंच नाही. ते मात्र आता भासांनाही खटकतं. ट्रॅक्टरवर तो बंद केलाय, कुणी बोललेलं नसताना.

२२ फेब्रुवारी, रविवार. देवळाली
हे कमलबाईंच्या ओसरीवर बसून लिहितेय. पर्समध्ये वही होती. घरी जाईपर्यंत दम निघणार नाही.
सकाळी भासा सीतामावशीला घेऊन आले. कमलबाई दारातच उभ्या. वाटलं, रडतील, मिठी मारतील. कमलबाई म्हणाल्या, "किती वाळलीस गं." सीतामावशी म्हणाली, "तू लई जाडी झालीस." बस. आत गेल्या आणि पायावर पाय टाकून बसल्या दोघी, काल भेटल्यासारख्या.
चहा होईपर्यंत आमच्यात कसातरी धीर. मग भासांनीच विचारलं, तिसरं कडवं.
कमलबाई लगेच, "हिचं. माझा गळा बसलता त्या दिवशी. दोन म्हनली आन् बंद पडला."
सीतामावशी, "काय बी. गळा माझा बसलता. तिसरं तूच म्हनलीस."
"सीते, खोलीत कोन हुतं, तू का मी?"
"दोघी बी व्हतो की."
आणि जुंपली. अगदी आमच्यासारखी. कोण कुठं उभं होतं, ढोलकीवाला कुणाकडं बघत होता, गोधडी कुठल्या रंगाची. तीन आठवडे आम्ही तिघं एकमेकांना टाकून बोललो आणि इथं ज्यांनी गायलं त्यांचंच जमत नाही. दोघी ते कडवं एकमेकींच्या पदरात टाकायला बघतायत. घ्यायला कुणी तयार नाही.
नजमा म्हणाली, म्हणून दाखवा दोघी. आळीपाळीनं.
आधी कमलबाई. आवाज जाड झालाय, पण सुराला जागच्या जागी धरून. मग सीतामावशी. 'मन'. थांबली. 'गट'. माझ्या डोळ्यांत पाणी, मी भासांकडं बघितलं, कळलं का म्हणून. तेवढ्यात कमलबाई म्हणाल्या, "आसं थांबायला मी शिकवलं हिला." आणि स्वतः म्हटलं, तिथंच थांबून.
कपाळावर हात मारला मी.
मग झालं ते असं. म्हणता म्हणता दोघी एकदम गायला लागल्या आणि तिसऱ्याशी थांबल्या नाहीत. पुढं गेल्या.

दारं धरताना गावली धन्याला, गाळात होती दडून
न बोलता त्यानं हातात घातली, डोळं आलं भरून

चौथं कडवं. कॅसेटवर नाही. कुठंच नाही. टेप संपली म्हणून राहिलं होतं, कमलबाई म्हणाल्या. नजमाच्या हातात मोबाईल होता, चालू होता. सगळं भरलं गेलंय.
मी लगेच म्हटलं, हे लोकांना ऐकवायला हवं, दोघींची नावं घालून. कमलबाईंनी मान हलवली, पण बोट सीतामावशीकडं. "हिला इचारा. माझ्यामागं कोन हाय? हिला पोरगा हाय."
सीतामावशी पदराला पीळ देत बसली. भासा म्हणाले, मावशे, आम्ही सांगतो अंकुशला, मी बोलतो. म्हणाली, "न्हाई. तुमी नका. त्याच्या बापाला न्हाई सांगितलं. ह्याला म्या सांगते." नजमाचा मोबाईल घेतला, आतल्या खोलीत गेली, दार लोटलं.
अंकुश फडात असेल या वेळी. फोन लागला असावा, कारण मघाशी "जेवला का?" ऐकू आलं. नंतर आवाज लहान झाला. काही कळत नाही.
नजमा म्हणते, नाही म्हणेल तो. भासा म्हणतात, न्हाई म्हनला तर मी सोता जातो त्याच्या टोळीवर. कमलबाई खुर्ची दाराजवळ ओढून बसल्यात, डोळे मिटून.
आता आतून सीतामावशीचा आवाज जरा मोठा झाला. गात नाहीये. बोलतेय. नाही, थांब, गातेय. हळू. फोनवर त्याला तिसरं कडवं ऐकवतेय, 'मन'वर थांबून.