दादाच्या साहेबाचा सरडा

गचांजादादा,

तुझा तीन शिंगांचा शॅमेलिऑन सरडा आजारी आहे, हे तुला फोनवर दोनदा सांगितलं. तू म्हणालास, "रुसला असेल. बल्ब मोठा लाव." काचेच्या पेटीत तेव्हा छत्तीस अंश होते. हा आपल्या न्येरीच्या गारठ्यातला प्राणी. वाटीतलं पाणी पीत नाही, पानावरचे थेंब चाटतो. यातलं काही न विचारता तू तो तुझ्या मोंबासाच्या साहेबाला भेट द्यायचा ठरवलास. स्वतः भीतीने त्याला हातही लावला नाहीस. पेटीत मीच ठेवला, आणि महिनाभर तुझ्या बल्बखाली राहू दिला.

चहाच्या कारखान्यात मी हवेतला ओलावा मोजते, तेच घरी केलं. बल्ब काढला, जाळीचा पिंजरा बांधला, फांद्यांवर भोक पाडलेली बाटली टांगली. पाचव्या दिवशी त्याचे खोल गेलेले डोळे पुन्हा वर आले.

देवाचा अमरपणाचा निरोप यानेच उशिरा पोचवला म्हणून माणसं मरतात, असं मानणारी आई काल दारातूनच म्हणाली, "प्यायला गं एकदाचा. आता त्या उकाड्यात नको धाडू. मेला म्हणून सांगू. मेलेला सरडा दाखव म्हणायची तुझ्या भावाची छाती आहे का?"

कारखान्याच्या वहीत मी आजवर एकही खोटा आकडा लिहिलेला नाही. शनिवारी तू आलास की मात्र तो मेला, असंच सांगणार आहे. म्हणून हे पत्र टाकत नाही.

तुझी बहीण,
न्यागुथी