कपाळावरची आठी

प्रिय ताई,

पत्र बघून दचकली असशील. घाबरू नकोस, इकडे सगळे बरे आहेत. आई तुझं नाव काढते आणि लगेच दुसराच विषय काढते. मला चाळिशी लागली. चष्मा केलाय, पण तो घालायचं लक्षात राहत नाही. घातला की आरशात थेट आपल्या आत्याबाई दिसतात.

त्या चष्म्यावरूनच एक सांगायचंय. आमचं काम तुला ठाऊक आहे, चिमणीला सांभाळायला घेतलंस तेव्हा तू ऑफिसात यायचीस. गुन्ह्यात सापडलेली मुलं कोर्ट आमच्याकडे पाठवतं, आम्ही त्यांच्या स्वभावाची चाचणी घेतो. मी एकेक विधान वाचायचं, मुलाने 'बरोबर' की 'चूक' ते सांगायचं. काही विधानं शब्द बदलून पुन्हा येतात, खोटं पकडायला.

गेल्या महिन्यात पंधरा वर्षांची एक मुलगी आली. वडील धाकट्या भावाला पट्ट्याने मारत होते, हिने त्यांच्या डोक्यात इस्त्री घातली. वडील वाचले. आई त्यांच्याच बाजूने उभी राहिली, म्हणाली, ही आम्हाला मेली. सुधारगृहातल्या बायका तिला 'महाराणी' म्हणतात, कारण भिंतीला पाठ टेकल्याशिवाय ती कुठे बसतच नाही. चाचणीत तिने एकाच गोष्टीला एकदा हो म्हटलं, एकदा नाही. आमचे साहेब म्हणाले, पक्की बनेल आहे, तसं लिहा आणि मोकळ्या व्हा. तसं लिहिलं असतं तर अठरा पूर्ण होईपर्यंत ती कुलपाआड गेली असती.

दुसऱ्या खेपेला मी चष्मा लावून गेले. ती टक लावून बघत राहिली. मग म्हणाली, आज रागावला नाहीत वाटतं? मी म्हटलं, अगं, मी कधी रागावले होते? तर म्हणते कशी, त्या दिवशी सारखी आठी होती की कपाळावर! ताई, बारीक अक्षर दिसेना म्हणून मी डोळे बारीक करत होते, आणि आठी पडली की ही पोर घाईघाईने उत्तर फिरवत होती. त्या घरात ती अशीच तगली होती.

मग कागद तिच्याच हातात दिला आणि मी खिडकीकडे तोंड करून बसले. मागून आवाज आला, खोटारडी आहे ना मी, कॉपी केली तर? म्हटलं, कुणाची करशील बाई, मला तरी कुठे उत्तरं येतात! पहिल्यांदाच हसली. या वेळी सगळं जुळलं. क्रूरपणा कुठेच नव्हता, होती ती नुसती भीती. 'मला घरची आठवण येते' हे एवढंच कोरं सोडलं होतं. विचारलं तर म्हणाली, भावाची येते, घराची नाही. ते कुठे लिहायचं?

ही मुलगी घरात राहू शकते, असा अहवाल मी दिला. न्यायाधीशबाईंनी तो वाचला, मान डोलावली आणि विचारलं, पण कुणाच्या घरात? सोमवारी पुढची तारीख आहे. तोवर घर मिळालं नाही, तर कुलूप ठरलेलं आहे.

चिमणीला तू तीन वर्षं पोटच्या पोरीसारखं वाढवलंस. मग कोर्टाने तिला बापाकडे परत पाठवलं आणि हिवाळा सरायच्या आत ती गेल्याचा फोन आला. तिची खोली तू अजून उघडली नाहीस, असं भावजी सांगत होते. परत कुणाची मुलगी आणणार नाही म्हणालीस, तेव्हा तुझे डोळे मीच पुसले होते. आणि आता मीच विचारतेय, हिला ठेवशील? ही चिमणीसारखी लाघवी नाही. तुझ्या तोंडाकडे बघत बसेल, आणि तुला रडू आलं की आपलंच काही चुकलं असं समजेल. हे सगळं फोनवर विचारलं असतं, तर माझा नुसता आवाज ऐकून तू हो म्हणाली असतीस. लहानपणापासून तू माझ्यासाठी हेच करत आलीस. तसलं हो मला नकोय. म्हणून हे पत्र. मी समोर नाही, आवाज नाही, चेहरा नाही. आता तुझं तू ठरव.

तुझीच,
धाकटी