उतारावरची सायकल

३ फेब्रुवारी

ती. आईंना,
सा. न. वि. वि.

दचकू नका, आम्ही दोघंही धडधाकट आहोत. आजारी पडलाय तो आमचा सिनेमा. सत्तरीत सायकल शिकणाऱ्या बाईंची गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. त्या नटीबाई काल मालिकेत काम मिळालं म्हणून निघून गेल्या. तुमचा मुलगा कॅमेरा पुसत बसलाय, तो आधीच लख्ख आहे. इतकी वर्षं दोघांनी लिहिलं, भांडलो, खोडलं, आणि आता सोडून देऊ म्हणतो. असं तो पहिल्यांदाच म्हणाला.

आई, ही भूमिका तुम्ही कराल? लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर तुम्हीच होतात, बसच्या कंडक्टरशी हुज्जत घालणाऱ्या. त्याला विचारलेलं नाही. विचारलं तर नाहीच म्हणेल.

माया आहेच, ती अशीच असू द्या.
तुमची सूनबाई

११ फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाईस,
अ. आ.

आधी हसले, मग आरशात पाहून आले. नोकरीभर शाळेच्या नाटकांत पडदा ओढला, पडद्यापुढे कधी आले नाही. आणि अगं, मला सायकल येते कुठे? ह्यांना विचारलं, तर हाडं मोडून घ्यायची हौस असेल तर खुशाल जा म्हणाले. झालं, मी हट्टाला पेटले. शेजारणीची सायकल घेऊन रोज मैदानावर जाते. गुडघा सोलवटला, पण काल कुंपणापर्यंत एकटी गेले. उतरता येईना, म्हणून कुंपणालाच मिठी मारली.

येते. अट एकच. तिथे त्याने मला आई म्हणून जपायचं नाही.

कळावे, जीव लावतेस तशीच लावत राहा.
आई

२१ एप्रिल

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

परवाचं आई स्वतः सांगणार नाहीत, म्हणून लिहिते. शेवटचा प्रसंग होता, लांबलचक उतारावरून सायकलने एकटीने खाली यायचं. याने आईंसारखे कपडे घालून एक तरुण मुलगी आणून उभी केली, मला न विचारता. दिग्दर्शन दोघांचं आहे ना, म्हणून मी भडकले. आमचं असं जुंपलं, की सगळी मंडळी आपापल्या चपलांकडे बघत उभी. खरं सांगू? तो उतार पाहून ती मुलगीच बरी, असं क्षणभर मलाही वाटलं होतं.

भांडण आईंनीच तोडलं. मुलगा बोलतोय की दिग्दर्शक, असं त्याला विचारलं. मुलगा असशील तर घरी बोलू, दिग्दर्शक असशील तर या पोरीची पट्टीसारखी ताठ पाठ बघ, हिला म्हातारी कोण म्हणेल? त्याने त्या मुलीच्या हातातली सायकल घेऊन आईंपुढे धरली. आई सायकलवर चढल्या.

पुढे टेम्पोत कॅमेरा घेऊन तो, आणि त्याच्या कमरेचा पट्टा घट्ट धरून मी. खड्ड्याशी सायकल हेलकावली. आणि बाबा, आईंनी ब्रेक सोडला! मोठ्याने हसत सुटल्या, लहान मुलीसारख्या. ते हसणं आम्ही लिहिलं नव्हतं. त्याचे डोळे भरल्यामुळे चित्र जरा धूसर आलंय. तो पुन्हा घेऊ म्हणतोय. संकलन माझ्याकडे आहे, मी तेच ठेवणार.

तब्येतीला जपा, आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची सूनबाई

२ नोव्हेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर सगळं सांगता आलं नाही, म्हणून महोत्सवातून लिहितो. आधीच्या महोत्सवांनी नाकारल्यावर इथेही तेच होणार, या धास्तीने मी बाहेर पायऱ्यांवर बसलो होतो. हिने हाताला धरून ओढत आत नेलं. पडद्यावर उतार सुरू होता. तू हसलीस, आणि अख्खं सभागृह तुझ्याबरोबर हसलं. मग टाळ्या, त्या थांबेचनात. सिनेमाला पहिलं बक्षीस, आणि अभिनयाचं तुला! परीक्षक बाईंनी त्या धूसर दृश्याचं कौतुक केलं, तेव्हा हिने माझ्याकडे कसं पाहिलं असेल ते तुला सांगायला नको. असं हरायला मला रोज आवडेल.

आता तरी जपू दे. लोभ आहेच, कानउघाडणीही चालू ठेव.
तुझा दिग्दर्शक

२८ नोव्हेंबर

चि. दोघांस,
अ. आ.

इथल्या थिएटरात सिनेमा जोरात चाललाय. ह्यांनी अख्ख्या गल्लीला नेऊन दाखवला, आणि आपण पहिल्यापासून पाठीशी होतो असं सगळ्यांना सांगत सुटलेत. मी खोडून काढलं नाही.

काल एक दिग्दर्शक घरी आले होते. अंथरुणाला खिळलेल्या आजीची भूमिका आहे, सुरुवातीलाच जाते बिचारी. मी चहा दिला आणि सांगितलं, की झोपून राहायला मला वेळ नाही.

तुम्ही दोघं मात्र भांडणं आटपून लवकर लिहायला घ्या. या वेळी मला पोहायला शिकायचंय.

सुखात राहा, आणि कॅमेरा तयार ठेवा.
आई