उजव्या पायाची सँडल

सन्माननीय कोम्पाद्रे हेर्मेलिंदो यांना,

अमेरिकेतल्या याकिमाहून, तुमच्या यारेत्सीचा धर्मपिता आणि म्हणून तुमचा कोम्पाद्रे एल्युतेरिओ याचा मनापासून रामराम. तुमची पाठ, तुमच्या आईचे डोळे आणि दारची ती लाथाळ खेचर, सगळ्यांची तब्येत ठीक असेल अशी आशा करतो. इकडे माझा गुडघा सोडला तर सगळं बरं आहे. (चायो मागून वाचतेय. म्हणते, गुडघा ठीक आहे, डोक्याचं लिही. लग्नाला अडतीस वर्षं झाली, त्यामुळे मी पुढे लिहीत राहतो.)

पार्सलच्या खोक्यात एकच सँडल निघाली म्हणून व्हॅनवाल्याच्या अंगावर धावून जाऊ नका. दुसरी त्याने ढापलेली नाही. मीच एक पाठवली आणि मीच त्यात हे पत्र खोचलं. फोन करता आला असता, पण फोनवर तुमचा चेहरा दिसला की मी हवापाण्याच्या गप्पा मारत सुटतो, हे मार्चपासून तुम्ही पाहताच आहात. कागद नाहीत म्हणून तुम्हाला पकडून सीमेपार गावी धाडलं, त्या महिन्यातला पाऊस मी तुम्हाला चार वेळा सांगितला असेन.

तर यारेत्सीच्या पंधराव्या वाढदिवसाचा मोठा सोहळा पार पडला. पप्पा नाहीत तर सोहळा नको, असं पोरगी आधी हटून बसली होती. पण दोन वर्षांपूर्वी तुम्हीच हॉल ठरवलेला, झग्याचं माप तुम्हीच हौसेने विचारत बसलेलात, तेव्हा तिची आई, कोमाद्रे ओब्दुलिया, ऐकेनात. आता कोमाद्रे स्वतः तुमच्या अटकेपासून टपालपेटीच्या पुढे पाऊल टाकत नाहीत. कागद त्यांच्याकडेही नाहीत, रस्त्यावर पोलिसांनी गाडी अडवली तर काय, ही धास्ती. शेवटी त्या केकवाल्याच्या व्हॅनमध्ये मागे बसून, तीन मजली केक दोन्ही हातांनी धरून हॉलवर आल्या. केक शाबूत होता. त्यांच्या कानाला तेवढं गुलाबी क्रीम लागलं होतं, ते सोहळाभर कोणी सांगितलं नाही, कारण सगळ्यांना वाटलं दुसऱ्याने सांगितलं असेल.

तुम्हीही होतात. फोनमधल्या तुम्हाला आम्ही केकला टेकवून ठेवलं होतं. फादरांनी फोनला आशीर्वाद दिला, तुम्ही कामाला होतात त्या फळबागेतल्या मुकादमाने फोनपुढे हॅट काढली. नेमका वॉल्ट्झचा नाच सुरू व्हायच्या वेळी फोनचं चित्र अडकलं आणि तुम्ही तोंड उघडं ठेवून थिजलात ते शेवटपर्यंत. लोक म्हणाले, बापाला गहिवरून आलंय. कोमाद्रेंनी नॅपकिन घेऊन फोनची काच पुसली.

म्हणून पुढचं तुम्हाला दिसलं नाही, ते सांगतो. मुलीची सपाट चप्पल काढून उंच टाचेची सँडल आपल्या हाताने घालायची आणि मग तिला नाचायला न्यायचं, हा मान बापाचा. तुम्ही तिकडे, म्हणून धर्मपिता या नात्याने तो माझ्याकडे आला. मी गुडघा टेकला. गुडघा असा काही वाजला की ढोलवाल्याला ती खूण वाटली आणि त्याने बडवायला सुरुवात केली. त्या घाईत डाव्या पायात सँडल गेली, पण उजवा पाय उन्हाने सुजला होता, त्यात काही केल्या जाईना. मग पोरगी एका पायाने उंच, दुसऱ्याने सपाट, आणि मी हा असा. दोघं एकाच बाजूला कलत कलत सबंध नाच नाचलो. फादरांनी चायोला हळूच विचारलं, "ही तुमच्या गावाकडची पद्धत का?" चायो म्हणाली, "नाही फादर, ही आमच्या घरातली."

आता त्या बोर्डाबद्दल. रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर कॉफी पिताना मी किती वाद घालायचो ते तुम्हाला ठाऊक आहे. कायदा म्हणजे कायदा, या देशात ज्याने त्याने रांगेत यावं, वगैरे. (चायो तिथल्या तिथे विचारायची, "तू कुठल्या रांगेत होतास रे? गाडीच्या डिकीत?" खरं आहे. मी सीमा ओलांडली डिकीत लपून, आणि पुढे सरकारने अशा लोकांना सरसकट माफी दिली त्या वर्षी माझे कागद झाले. पण माणसाला एकदा खुर्ची मिळाली की आपण उभे होतो हे आठवत नाही.) आणि शेरीफच्या निवडणुकीतल्या, बिनकागदवाल्यांना हाकलू म्हणणाऱ्या त्या उमेदवाराचा 'कायदा म्हणजे कायदा' असा बोर्ड मी अंगणात लावला, तेव्हा माझा गुडघा दुखतो म्हणून खड्डे कोणी खणले? तुम्ही. खांबही तुम्हीच ठोकले. वर मागे सरकून म्हणालात, "कोम्पाद्रे, डावीकडून वाकडा दिसतोय, थांबा," आणि हसत हसत सरळ केलात. मला वाटायचं, हे सगळं दुसऱ्या कोणासाठी आहे, कुठल्यातरी वाईट माणसांसाठी. तुम्ही शिडी घेऊन बागेत कामाला निघालेले असताना तुम्हालाच धरतील असं माझ्या मनातही आलं नाही. असो. तुम्हाला नेलं त्याच दिवशी मी तो बोर्ड उपटला. आता तो खुराड्याचं छप्पर आहे, अक्षरं खालच्या अंगाला. कोंबड्यांनी तेव्हापासून अंडी कमी केली आहेत.

वडीलधाऱ्यांना नमस्कार, खेचरीला लांबूनच.

तुमचा कोम्पाद्रे,
एल्युतेरिओ

ता. क. बोर्ड मी उपटला नाही. तुम्हाला नेल्यावरही तो एकोणीस दिवस तसाच उभा होता. मला तो आवडत होता म्हणून नाही. उपटताना गल्ली बघेल, याची लाज वाटत होती. विसाव्या दिवशी यारेत्सीने शाळेतून येताना तो उपटला, माझ्या दाराशी टेकवून ठेवला आणि बेल न वाजवता निघून गेली. तुम्ही खांब इतके घट्ट ठोकले होतेत की पोरीचे तळहात सोलले.

ता. क. दुसरा. पायही सुजलेला नव्हता. मी उजवी सँडल पुढे केली तेव्हा तिने पाय मागे घेतला आणि मला एकट्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "एवढंच, धर्मपिता. दुसरी पप्पांची आहे." मग माझा गुडघा अडकलाय हे बघून तिनेच मला हात धरून उठवलं. त्या वेळी मला तोंड लपवायला जागा नव्हती, कोम्पाद्रे. फार चुकलो.

ता. क. शेवटचा, आणि हेच लिहायला बसलो होतो. शाळेला सुट्टी लागली की मी तिला घेऊन गावी येतोय. तिचा जन्म इथला, माझ्याकडे कागद आहेत, आम्हाला जाता येतं आणि परतही येता येतं. कोमाद्रेंना येता येणार नाही, त्या निघाल्या तर परतीची वाट बंद. त्या सँडल घातलेला पाय दाखवायला सांगणार आहेत, तेव्हा फोटो नीट काढा. सँडल तोवर उंदरांपासून जपून ठेवा. तुम्ही ती पोरीच्या पायात घाला, अंगणात नाचा, दोघंच. मी फाटकाबाहेर उभा राहीन. खांब ठोकायचा असला की मी हाक मारायचो आणि तुम्ही यायचात. या वेळी हाक तुम्ही मारा. नाही मारावीशी वाटली, तर एक खुर्ची तेवढी बाहेर पाठवा. गुडघ्याचं मात्र मी खरं लिहिलंय.